आधी विक्रीचा महिना ठरवा, मग खच्चीचा चिमटा मागवा

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. मी माण तालुक्यातला मेंढपाळ. वडिलांच्या वेळेपासून घरात मेंढरं आहेत. चार वर्षांपूर्वी मी कळपात माडग्याळी जातीचा एडका सोडला. यंदा दिवाळीच्या मागेपुढे मेंढ्या व्याल्या आणि आज वाड्यात १९ नर कोकरं आहेत, काही दीड महिन्याची, काही जेमतेम पंधरा दिवसांची. विकतचा खुराक आम्ही घालत नाही, दिवसभर चरणं हेच काय ते. आजवर चार महिन्यांची झाली की व्यापाऱ्याला उक्ती, न तोलता द्यायचो. आता पुण्यातल्या काही कुटुंबांना फक्त चाऱ्यावर वाढलेलं मटण थेट द्यायचा विचार आहे, शिवाय काही बकरं बकरी ईदसाठी राखायची आहेत. ओळखीचे एक शेळीपालक सांगतात, सगळी खच्ची करून टाक, वजन धरतील, मटण मऊ होईल, वास येणार नाही. वडील म्हणतात, खच्ची केलं की जित्राबाची वाढ खुंटते. आई म्हणते, मुक्या जिवाला कशाला छळता. मी काय करू?
एक वाचक, ता. माण, जि. सातारा

उत्तर : नमस्कार. तुमचे वडील आणि ते शेळीपालक, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण दोघांच्या डोळ्यांसमोरचं जनावर वेगळं आहे. वडील बोलतात ते चार-सहा महिन्यांच्या कोकराबद्दल. शेळीपालकांच्या मनात आहे तो गोठ्यात बांधून खुराकावर पोसलेला वर्ष-दीड वर्षाचा बोकड. तुमचं जनावर या दोन्हींच्या मध्ये कुठे बसतं, ते तुम्ही ते कधी विकणार यावर ठरेल. म्हणून खच्ची करायची का, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा आणि १९ कोकरांपैकी कोणतं कोणत्या महिन्यात वाड्याबाहेर पडणार, हे वहीत लिहून काढा. निम्मं उत्तर त्या वहीतच मिळेल.

आधी वाढीचं बोलू. नराच्या वृषणांत तयार होणारं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) अंगावर मांस चढवतं. पोटभर चांगला खुराक मिळाला तर अंडील, म्हणजे खच्ची न केलेलं, कोकरू खच्ची केलेल्यापेक्षा साधारण १० ते १५ टक्के भरभर वाढतं, आणि तेवढ्याच खाण्यात मांस जास्त, चरबी कमी करतं. खच्ची केलं की हा जोर जातो आणि जनावर लवकर चरबी धरू लागतं. खच्ची बकरं गोल, भरलेलं दिसतं, म्हणून लोकांना वाटतं की त्याचं वजन वाढलं. काट्यावर घातलं तर बहुतेक वेळा अंडीलच जड भरतं. तेव्हा वडिलांचं म्हणणं खरं आहे.

पण हा फरक पोटभर खुराक मिळणाऱ्या जनावरातला आहे. टेस्टोस्टेरॉन म्हणजे गवंडी समजा. विटा यायच्या त्या चाऱ्यातून. विटाच आल्या नाहीत तर गवंडी कितीही चांगला असला तरी भिंत चढत नाही. तुमच्या कोकरांचं वेळापत्रक बघा. दिवाळीला जन्मली, जानेवारी-फेब्रुवारीत आईचं दूध आटेल. त्या वेळी माणच्या माळावर हिरवं काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. शाळवाची काढणी झाली की धसकटं आणि पडलेली पानं, मग बाभळीच्या शेंगा, कुठे सुबाभूळ, कुठे बांधावरचा पाला, आणि असं करत वळीव पडेपर्यंत काढायचं. या दिवसांत चरणाऱ्या कोकराला दिवसाला ४०-५० ग्रॅम वाढ मिळाली तरी पुष्कळ म्हणायची. त्यातला दहावा हिस्सा म्हणजे चार-पाच ग्रॅम. तीन महिन्यांत फरक पडतो अर्ध्या किलोच्याही आत, तेवढा तर एका वेळच्या पाण्याने पडतो. पावसाळ्यात चांगल्या कुरणावर तेच कोकरू दिवसाला १०० ग्रॅमने वाढलं, तर तीन महिन्यांत अंडील आणि खच्ची यांच्यात एक किलोच्या आसपास अंतर पडेल. हे आकडे मी हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. तुमचे आकडे तुमच्या काट्यावर निघतील, आणि लटकता काटा नसेल तर आधी तो घ्या. औषधाच्या एका खेपेइतक्या पैशात येतो आणि व्यापारी उक्त्यात तुमचं किती नेतो ते पहिल्याच बाजारात कळतं.

दुसरी गोष्ट वयाची. कोकरू तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत त्याच्या अंगात हे संप्रेरक फारसं खेळतच नाही. त्यामुळे चार महिन्यांत विकायच्या कोकराला खच्ची करण्यात काहीही अर्थ नाही. वाढीत फायदा नाही, मटणात फरक नाही. दुखणं आणि दोन-चार दिवस दबलेलं खाणं तेवढं पदरात पडतं. न्यूझीलंडसारख्या देशात कोकरं गवतावरच वाढतात आणि त्यातली बरीचशी आठ महिन्यांच्या आत विकली जातात. तिथलेही पुष्कळ शेतकरी लवकर जाणाऱ्या नरांना अंडीलच ठेवतात. तुमच्याकडे व्यापाऱ्याला उक्ती जाणारी जी काही कोकरं असतील, ती या यादीतून आजच वगळा.

आता पुण्याच्या ग्राहकांसाठी ठेवायची कोकरं. ही तुम्ही किती महिन्यांची कापणार? पत्रात लिहिलेलं नाही, पण चाऱ्यावरच्या माडग्याळी संकराला २० किलोच्या वर न्यायचं तर सात-आठ महिने तरी लागतील. म्हणजे जून-जुलै. या वयापर्यंत अंडील आणि खच्ची यांच्या मटणात जो फरक असतो तो रस्सा करून खाणाऱ्याच्या जिभेला सहसा कळत नाही. वर्ष उलटलं, एडक्याच्या मानेला जाडी आली, तो मेंढ्यांच्या मागे हुंगत फिरू लागला, की मग फरक कळायला लागतो. मांसातले जोडधागे चिवट होतात, रंग काळपट होतो आणि चरबीत तो खास नराचा उग्र वास उतरतो. सात-आठ महिन्यांची कापणार असाल तर माझा सल्ला स्पष्ट आहे : खच्ची करू नका, वेगळी करा. चौथा महिना संपला की नर कोकरं मेंढ्यांतून आणि माद्या कोकरांतून बाजूला काढायची आणि वाघूरही (रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी) वेगळी लावायची. पाचव्या-सहाव्या महिन्यात ती माद्यांना लागायला लागतात, आणि तुमच्या कळपातली कोवळी पिल्लं त्यांच्यापासून गाभण राहिली तर पुढच्या दिवाळीला अडलेली वेतं आणि मरतुकडी कोकरं हाती येतील. मेंढरांमागे दोनच माणसं आहेत, दोन कळप वेगळे चारणं जमणार नाही, अशी घरची स्थिती असेल तर मात्र खच्ची करण्याला खरं कारण आहे. मटणापेक्षा हे कारण मला जास्त पटतं. काही ठिकाणी यावर दुसरीही तोड आहे. केनिया-टांझानियातले मासाई मेंढपाळ एडक्याच्या पोटाखाली चामड्याचं झडप बांधतात, म्हणजे तो कळपात राहतो पण मेंढीला लागू शकत नाही. जाड ताडपत्रीचं तसं झडप आपल्याकडेही करता येईल. फक्त रोज बघायचं, कारण लघवीने ओलं राहून कातडी सोलवटते.

वासाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमचा सगळा धंदा त्यावर उभा राहणार आहे. मेंढीच्या मटणाला जो वास येतो तो एकाच ठिकाणाहून येत नाही. एक वास नराचा : वयात आल्यावर चरबीत साठणाऱ्या काही विशिष्ट आम्लांचा. खच्ची केल्याने हा कमी होतो. बोकडात तो फार तीव्र असतो, शिंगांच्या मागच्या ग्रंथी आणि स्वतःच्याच अंगावर, दाढीवर उडवलेली लघवी यामुळे आणखी चढतो, म्हणून तुमचे शेळीपालक खच्चीचा इतका आग्रह धरतात. मेंढ्यात तो मुळातच सौम्य असतो. दुसरा वास चाऱ्याचा : हिरव्या, कोवळ्या गवतातलं प्रथिन पोटात कुजताना स्कॅटोल नावाचा पदार्थ बनतो आणि तो चरबीत उतरतो. हा चरणाऱ्या जनावराचा आपला वास आहे. नर, मादी, खच्ची, सगळ्यांत येतो आणि कितीही चिमटे लावले तरी जात नाही. तुमच्या ग्राहकाला फक्त चाऱ्यावर वाढलेलं मटण हवं असेल, तर ही चवही त्याच्यासोबत येणार, हे त्याला आधीच सांगून ठेवा. तिसरा वास सोलणाऱ्याच्या हाताचा, आणि तक्रारी बहुतेक वेळा याच्याच असतात. लोकरीला मेणचट तेलकटपणा असतो. सोलताना लोकरीवरचा हात तसाच मांसाला लागला, कातडी उलटून मांसावर पडली, की तो वास मटणाला चिकटतो आणि नंतर कितीही धुतलं तरी निघत नाही. कापणाऱ्याला बजावून सांगा : एक हात कातडीचा, एक हात मांसाचा, आणि मध्येमध्ये सुरी धुवायची.

मऊपणाचंही तसंच आहे. दहिवडीहून पुणं दीडेकशे किलोमीटर. अनोळखी एडके एका पिकअपमध्ये कोंबले की वाटभर टकरा चालतात. जनावराच्या स्नायूंत साखरेचा साठा असतो, तो धडपडीत आणि भीतीत संपून जातो. कापल्यावर त्या साखरेचं आम्ल व्हायला हवं आणि त्याने मांसाचा सामू (pH) ५.५ ते ५.७ च्या आसपास उतरायला हवा. साठाच संपला असेल तर सामू ६ च्या वर राहतो आणि मांस काळपट, कोरडं, चिकट राहून लवकर खराब होतं. अंडील एडक्यांत हे जास्त घडतं, कारण तेच एकमेकांना भिडतात. उपाय साधा आहे. एका वाघुरीत वाढलेली कोकरंच एका गाडीत घाला, रात्रभर शांत जागी विसावा आणि पुरेसं पाणी द्या, आणि पहाटे कापा.

त्याहून मोठी चूक बर्फाच्या खोक्याची होते. कापल्यावर लगेच, तासा-दोन तासांत मटण बर्फात किंवा फ्रिजमध्ये कोंबलं की स्नायू आखडतात आणि मग कुकरच्या शिट्ट्या कितीही करा, ते चामट राहतं. चाऱ्यावरच्या बारीक, अंगावर चरबीचा पापुद्रा नसलेल्या धडात ही थंडी फार लवकर आत जाते. धड अखंड टांगून आधी काही तास गार, सावलीच्या, माशा नसलेल्या जागी आकसू द्या, आखडलेपणा येऊन गेल्यावरच बर्फात टाका. अथवा दुसऱ्या टोकाला जा : पुण्याजवळच कापून त्याच सकाळी ताजं पोचवा, जसं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. खच्ची केल्याने सात महिन्यांच्या कोकराच्या मटणात जो मऊपणा येईल असं तुम्हाला वाटतं, त्याच्या कितीतरी पट तुम्ही या दोन टप्प्यांवर कमवाल किंवा घालवाल. (परवानाधारक कत्तलखाना आणि अन्न सुरक्षेची नोंदणी याशिवाय मटणाची थेट विक्री सुरू करू नका. चांगलं चाललेलं काम एका तक्रारीवर बंद पडतं.)

वर्षाच्या पुढे ठेवायची बकरं हा खच्चीचा खरा प्रश्न. यात ईद आली. २०२६ ची बकरी ईद मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात येते आणि दरवर्षी १०-११ दिवसांनी अलीकडे सरकते. कुर्बानीसाठी बोकड वर्षाचा लागतो. मेंढा सहा महिन्यांचाही चालतो, पण तो अंगाने वर्षाच्या जनावरासारखा भरलेला दिसला पाहिजे. दिवाळीला जन्मलेलं, उन्हाळाभर धसकटांवर निघालेलं कोकरू मे अखेरीला तसं दिसणार नाही. पुष्कळ गिऱ्हाइकं तर सरळ ओठ वर करून दात बघतात आणि दोन दाती, म्हणजे दोन पक्के दात आलेलं, मागतात. तेव्हा तुमची ईद २०२७ ची, मे महिन्याच्या मध्यावर, तेव्हा ती दीड वर्षाची होतील. खच्ची जनावर कुर्बानीला चालतं, धर्मशास्त्राच्या बहुतेक जाणकारांचं तसं मत आहे. पण गिऱ्हाइकाची आवड गावोगावी वेगळी. कुणाला शिंगांचा, रुबाबाचा अंडीलच हवा असतो, कुणी भरलेला खच्ची शोधतो. तुम्ही कुणाला विकणार त्या दोघा-तिघांशी आत्ताच बोला. जत्रेसाठी नवसाचं बकरं घेणाऱ्यांनाही असंच विचारा. खच्ची केलेलं पुन्हा अंडील होत नाही.

दीड वर्ष अंडील एडके सांभाळणं सोपं नाही, हे मात्र लक्षात ठेवा. दुसऱ्या पावसाळ्यात चारा मुबलक असेल, अंगाला बाळसं धरायची हीच वेळ, आणि नेमके तेव्हाच ते माज करून खाणं सोडतील, टकरांत शिंगं मोडून घेतील, रात्री वाघूर उडवतील. खच्ची बकरं मान खाली घालून चरत राहतं. गवतावरच्या कळपात खच्ची आणि अंडील यांच्या वजनातलं अंतर वर्षाच्या पुढे पुष्कळदा पुसलं जातं, ते यामुळेच. त्यात धडाचा उतारा धरा. आपल्या देशी मेंढ्याच्या जिवंत वजनाच्या ४२ ते ४८ टक्के मटण पडतं. अंडीलाचं डोकं, शिंगं, मान, कातडं जड, म्हणून त्याचा उतारा थोडा कमीच. खाटीक जनावराच्या कण्यावर आणि शेपटीच्या बुडख्याशी बोट दाबून बघतो आणि भाव सांगतो, तेव्हा त्याच्या बोटाला हेच कळत असतं.

म्हणून दीड वर्ष ठेवायची आणि मटणासाठी जाणारी बकरं खच्ची करा. कशी, ते आता सांगते.

रबरी कडं घालायची वेळ तुमच्याकडे निघून गेली. ते जन्मानंतर पहिल्या आठवड्यात घालायचं असतं, कोकराने चीक पोटभर प्यायल्यावर, आणि इंग्लंडमध्ये भूल न देता तसं करायला कायद्याने पहिल्या सात दिवसांपलीकडे परवानगीच नाही. पंधरा दिवसांच्या, महिन्याच्या कोकराला कडं घालून आठवडे कण्हत ठेवू नका. तुमच्यासाठी योग्य तो बर्डिझो चिमटा, आणि वेळ जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी, कोकरं अडीच-तीन महिन्यांची झाल्यावर. हवा कोरडी आणि थंड असते, माशा कमी असतात. पावसाळ्यात हे काम करू नका, थोडं खरचटलं तरी जखमेत आळ्या पडतात. उघडी शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर त्यात हा धोका आणखी मोठा.

चिमट्याने कातडी न फोडता वृषणाकडे जाणारी आतली नाडी चेपली जाते. कोकरू कुणीतरी बसून मांडीवर धरायचं, पाठ पोटाला टेकवून, मागचे पाय वर. डॉक्टर अंडकोशाच्या वरच्या बाजूला बोटांनी एक नाडी चाचपून कडेला सरकवतात आणि त्यावर चिमटा दाबून काही क्षण तसाच धरतात. मग दुसरी नाडी, दुसऱ्या बाजूने. दोन्ही चेपा एका ओळीत येऊ द्यायच्या नाहीत, एक थोडी वर, एक थोडी खाली. एका रेषेत आल्या तर कातडीचा रक्तपुरवठा तुटतो आणि सगळी पिशवी सडून गळते. मध्यभागी मूत्रनलिका असते, तिच्यावर चिमटा पडला तर जनावर गेलंच. तुम्ही हे वाचून स्वतः करावं म्हणून लिहीत नाही. समोर होत असताना बरोबर होतंय का, हे तुम्हाला ओळखता यावं म्हणून लिहिते.

आता आईंचं म्हणणं. ते मला पूर्ण मान्य आहे. चिमट्याने रक्त येत नाही, म्हणून दुखत नाही असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. कोकरू नंतर पाय फाकवून उभं राहतं, सारखं खाली बसतं-उठतं, मान वळवून मागे बघतं, आचळाला तोंड लावत नाही. ही वेदनाच आहे. डॉक्टरांना आधीच सांगा की बधिर करायचं इंजेक्शन आणि नंतर दुखणं कमी करणारं मेलॉक्सिकॅम, दोन्ही हवं. त्याचा खर्च दर कोकरामागे फार नाही आणि तो वाचवू नये. प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा खच्चीकरणाला बंदी करत नाही, पण ते ठरवून दिलेल्या पद्धतीनेच व्हावं असं सांगतो. दगड-लाकडाने बडवणं, दोरी आवळून ठेवणं हे अजूनही कुठे चालत असेल तर ते थांबलंच पाहिजे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, किंवा १९६२ वर फोन करून फिरत्या पथकाची चौकशी करा. चार-पाच बकरं एकाच दिवशी करून घेतलीत तर डॉक्टरांचाही फेरा वाचतो.

धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच वेळी द्या. त्याच दिवशी आईपासून तोडणं, दुसरी लस, जंतनाशक, असं सगळं एकदम उरकू नका. किमान पंधरा दिवसांचं अंतर ठेवा. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी मेमध्ये चुकवू नका, पहिल्या पावसाच्या कोवळ्या चाऱ्यावर भरलेली, उमदी कोकरंच त्यात आधी जातात. खच्ची केल्यावर सहा आठवड्यांनी प्रत्येकाचं हाताने तपासायचं : वृषण वाटाण्यासारखे आकसलेले लागले पाहिजेत. एखादं घट्ट, वाढतं लागलं तर ती नाडी निसटली आहे, पुन्हा करून घ्या. तोवर त्यांना माद्यांत सोडू नका, चेप दिल्यावरही काही आठवडे ते माद्यांना गाभण करू शकतात.

खच्ची बकरांत एक दुखणं येतं, त्याकडे मी मुद्दाम लक्ष वेधते : मुतखडा. लहानपणी खच्ची केलं की मूत्रनलिका अरुंदच राहते. नुसत्या चाऱ्यावर हा त्रास कमी असतो, पण ईदच्या आधी दोन महिने अंग भरावं म्हणून लोक गव्हाचा कोंडा आणि मक्याचा भरडा एकदम सुरू करतात, त्यातल्या फॉस्फरसने खडे धरतात. बकरं पाठ कमानीसारखी करून उभं राहतं, शेपूट झटकतं, कुंथतं. लघवीच्या जागेच्या केसांना बारीक वाळूसारखे कण चिकटलेले दिसतात आणि लघवी थेंबथेंब येते. घरच्यांना वाटतं शौचाला झालं नाही, एरंडेल पाजतात, आणि त्यात एक रात्र जाते. तेवढीच रात्र महत्त्वाची असते. नराच्या लिंगाच्या टोकाला गांडुळासारखा एक बारीक भाग असतो, खडा बहुतेक तिथेच अडकतो, आणि डॉक्टर तेवढं टोक कापून मोकळं करू शकतात, वेळेत पोचलात तर. म्हणून खुराक हळूहळू वाढवा, वैरण बंद करू नका, मिठाची ढेप टांगा म्हणजे पाणी पोटात जाईल, आणि खनिज मिश्रणात चुना म्हणजे कॅल्शियम पुरेसं आहे ना ते बघा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण पत्रात आहे. चार वर्षांपूर्वी सोडलेला एडका अजून तोच असेल, तर त्याच्या लेकीच आता त्याच्यापासून व्यायला लागल्या आहेत. रक्त असं घट्ट झालं की कोकरं जन्मताच हलकी पडतात, मरतूक वाढते, आणि वाढीत जे नुकसान होतं त्यापुढे खच्ची-अंडीलाचा फरक काहीच नाही. चिमटा लावायच्या आधी १९ पैकी सर्वांत उत्तम दोन-तीन कोकरं बाजूला काढा : तीन महिन्यांच्या वजनात पुढे, पाय सरळ, दोन्ही वृषण सारखे आणि खाली उतरलेले, आणि ज्यांच्या आईला दूध चांगलं आहे. ती आपल्या कळपात वापरू नका. जत किंवा आटपाडीकडच्या एखाद्या चांगल्या मेंढपाळाशी अदलाबदल करा, किंवा दहिवडीला मेंढी-शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे तिथे पैदाशीच्या नराची चौकशी करा. दिवाळीची वेतं म्हणजे तुमच्या मेंढ्या मे-जूनमध्ये फळतात. नवा एडका एप्रिलपर्यंत वाड्यात यायला हवा आणि जुना त्याआधी बाहेर.